वरचा पैसा

अंबरनाथच्या नगरसेवकाची बायको असूनही गोजरबाई नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी दारोदार उसने पैसे मागत फिरली. मीटिंगच्या भत्त्यात महिन्याचा किराणाही येत नव्हता, आणि वरचा पैसा महिपतीने कधी घरात येऊ दिला नव्हता.

“नगरसेवकाच्या घरी पैसा नाही? कुणाला सांगता, बाई!” लोक हसायचे. सख्खा दीर हिरामण तर म्हणाला, “वहिनी, दादाने लपवलेलं काढा की बाहेर.”

ऑपरेशन राहिलं. महिपती गेला.

सुतक फिटल्यावर ती दोन दिवस माहेरी जाऊन आली. घराचं कुलूप तुटलेलं होतं, लाद्या उखडल्या होत्या. मधल्या खड्ड्यात हिरामण पहार घेऊन उभा होता, घामाने निथळत.

“वहिनी,” तो काकुळतीला येऊन म्हणाला, “आता तरी सांगा, कुठे पुरलंय?”