ताठ पेशी

शाल्मलीच्या कोपराला खरचटलं त्याला महिना होत आला, तरी जखम मिटेना. आता भोवती लाली पसरत होती.

डॉक्टर दाभोळे म्हणाल्या, “जखम भरायला पेशींना सरकत यावं लागतं. स्नायूंसाठी दिलेल्या औषधानं साऱ्याच पेशींचा आतला सांगाडा ताठ झालाय. तो सैल करायलाच हवा, नाहीतर जखमेतलं विष अंगभर पसरेल.”

आईचा चेहरा उतरला. जन्मापासून अधू असलेली शाल्मली त्याच औषधामुळे वर्षभर चालत होती.

“म्हणजे पुन्हा चाकाची खुर्ची?” शाल्मलीनं विचारलं.

“हो. सांगाडा सैल करणारं इंजेक्शन दिलं की संध्याकाळपर्यंत पायांतला जोर जाईल,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

शाल्मलीनं दंड पुढे केला. इंजेक्शन होताच ती पलंगावरून उतरली.

“आई, रिक्षा नको. चालत जाऊ घरी. लांबच्या रस्त्यानं.”