आतली काच

चोरोल डोळे चोळत स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली. तिचा कॅमेरा चुलीशेजारच्या बुटक्या मेजावर उघडा पडला होता. बरणीचं झाकण फिरवावं तशी लेन्स फिरवून काढलेली. आणि तिच्या सासूबाई, आमा-ले, पाहुण्यांच्या गळ्यात घालायच्या कोऱ्या पांढऱ्या रेशमी खतकाच्या टोकानं आतली काच खसाखसा पुसत होत्या.

"आमा-ले! हे काय केलंत?"

"धूळ होती. काढली. लेहचे साहेब यायचेत आज." त्यांच्या मागच्या फळ्यांवर तांब्यापितळेची भांडी पहाटेपासून घासून लखलखत होती. त्यात आता कॅमेऱ्याचाही नंबर लागला होता.

चोरोलनं कपाळाला हात लावला. नेमकी तीच धूळ तिला हवी होती.

रात्री उणे वीसच्या थंडीत तिनं मृगाच्या बाणाखालच्या तेजोमेघाचे फोटो काढले होते, एका पाहुण्याकडून जुना घेतलेल्या साध्याच कॅमेऱ्यानं. एका फोटोत नुसता धुरकट ठिपका येतो. शेकडो फोटो एकावर एक रचले की त्याला गुलाबी पंख फुटतात. पण त्याबरोबर कॅमेऱ्याचे दोषही उमटतात. म्हणून त्याच थंडीत टोपण लावून काही फोटो काढायचे. त्यांत कॅमेऱ्याचा स्वतःचा रवाळपणा सापडतो, तो वजा करायचा. आणि सकाळी लेन्सवर पांढरं कापड ताणून उजळ आकाशाचे फोटो घ्यायचे. त्यांत धुळीचे डाग सापडतात, तेही काढता येतात. अट एकच. रात्री धूळ जिथं होती तिथंच सकाळीही असली पाहिजे.

आता ती नव्हती. डाग फोटोत कायमचे बसले.

आज हानले गावातले पाच जण निवडले जाणार होते, पाहुण्यांना तारे दाखवण्याच्या कामासाठी. प्रत्येकानं स्वतः काढलेला एक फोटो दाखवायचा होता. आणि आमा-लेंनी हिवाळ्याच्या तोंडावरच बजावलं होतं, "निवड झाली तर तुझं खरं. नाही झाली तर कॅमेरा विकायचा आणि रात्री माणसासारखं घरात झोपायचं." त्यानंतर चार महिने टोमणे चालू होते. झऱ्यावर बायका भेटल्या की आमा-ले सांगत, "आमची नामा टोपण लावून फोटो काढते. अंधार कमी पडतो तिला!" बायका पोट धरून हसत. नामा म्हणजे सून; ती घरी येऊन उशीत तोंड खुपसे.

"तुम्हाला हेच हवं होतं ना?" चोरोलच्या तोंडून निघून गेलं. "काढा आता विकायला."

आमा-लेंनी लेन्स जागेवर बसवून पाहिली, ती काही केल्या बसेना, मग सुनेच्या पुढ्यात ठेवली आणि लोणी घातलेला चहा ओतला. चोरोलनं तो तसाच निवू दिला.

दहाला लेहहून थुप्तन साहेब आले. नमस्काराचं जुले झालं, चहा झाला. चोरोलनं संगणक उघडला. तेजोमेघ सुरेख आला होता, अगदी पंख पसरून. पण त्याच्यावर सात-आठ काळपट कडी उठली होती, मेजावर पेल्याच्या बुडाची उठतात तशी.

"आणि हे डाग कसले?" साहेबांनी विचारलं.

चोरोलनं खरं सांगावं तर घरचं उघडं पडणार.

"हानलेची धूळ आहे ती, साहेब," चुलीपासून आवाज आला. "घरात शेकत बसून फोटो काढणाऱ्याला नाही मिळायची!"

साहेब खो खो हसले. "आमा-ले, तुम्हालाच निवडायला हवं! डाग काढायचं शिकता येईल. मेघ मात्र अस्सल आहे." त्यांनी यादीत चोरोलचं नाव लिहिलं आणि पुढचा रकाना वाचला. "किती फोटो जोडलेत?"

चोरोलला आकडा आठवेना. ती यादीतल्या नावाकडेच बघत होती.

"जपाच्या दोन माळांना चार मणी कमी," आमा-ले म्हणाल्या. "आणि टोपण लावून वीस."

साहेबांनी संगणकात मोजून पाहिले. दोनशे बारा. आणि वेगळे वीस.

चोरोल वळली. हा आकडा तिनं कुणालाच सांगितला नव्हता. "तुम्हाला कसं कळलं?"

"खिडकीशी बसते ना रोज. बाहेर खट् वाजलं की एक मणी ओढते," आमा-ले चुलीत शेणी सारत म्हणाल्या. "त्या टोपणाच्या विसांत तुला काय दिसतं कोण जाणे, पण ते झाल्याशिवाय तू आत येत नाहीस, आणि तू आत आल्याशिवाय मला मेलीला झोप येत नाही."