आडवाटेची मुलगी

सांगलीच्या नाट्यगृहात कार्यक्रमाआधी विंगेत शलाकाने गिटार जुळवणाऱ्या उदयनदादांना गाठलंच. त्यांच्या 'आडवाट' बँडची गाणी ती अकरा वर्षं ऐकत होती. त्यांतला धागा तिला कालच सापडला होता.

"दादा, पहिल्या अल्बममध्ये पहिलं पाऊल टाकणारी, दुसऱ्यात शाळेच्या दारात रडणारी, तिसऱ्यात खिडकीतून पतंग बघणारी मुलगी एकच ना? पुढच्या अल्बममध्ये काय करणार ती?"

दादांचा हात तारांवरच थांबला.

"माझी लेक ती. खिडकी हॉस्पिटलची होती. ते गाणं पुरं व्हायच्या आतच गेली."

तेवढ्यात प्रेक्षक त्या पहिल्या पावलाच्या गाण्यासाठी ओरडू लागले. दादा रंगमंचावर गेले आणि हसत गाऊ लागले. अख्खं नाट्यगृह टाळ्यांनी ठेका धरत होतं. विंगेत उभ्या शलाकाला हात उचलवेनात.