लाल बाजू

अजून तीन चटया. मग तिची पाळी.

ती पाय पसरून पुढे वाकली होती. कपाळ गुडघ्यांकडे होतं, पण डोळे तिरपे करून ती मॅडमची पावलं बघत होती. मॅडम एकेकीच्या मागे थांबत, पाठीवर भार देत आणि पुढे सरकत. हॉलमध्ये चौदा जणी होत्या आणि ऐकू येत होते ते फक्त श्वास. तिच्या पोटात गोळा आला होता.

काल याच आसनात मॅडमनी तिच्या पाठीवर भार दिला आणि उजव्या मांडीमागे कट्‌ असा आवाज झाला. तो तिला एकटीलाच ऐकू आला. संध्याकाळी ती कठडा धरून, तिरकी होऊन, एकेक पायरी जिना चढली. आईचा फोन आला तेव्हा मात्र "मजेत आहे गं" म्हणाली. ती घरोघर टपाल वाटायची. दिवसाला दहा-बारा किलोमीटर पायी, खांद्याला पिशवी, आणि निम्म्या इमारतींना लिफ्ट नाही. लोकांचं हातावर पोट असतं, तिचं पायावर होतं. चाळिशीनंतर जिने झेपणार नाहीत, तेव्हा योग शिकवून पोट भरू, म्हणून महिन्याची रजा काढून ती इथे आली होती. प्रशिक्षणाचे अजून आठ दिवस बाकी होते आणि जिने आत्ताच झेपेनासे झाले होते.

प्रत्येकीच्या चटईच्या टोकाशी एक लाकडी चकती होती. एक बाजू हिरवी, दुसरी लाल. पहिल्या दिवशी मॅडमनी दोन वाक्यांत नियम सांगितला होता. हिरवी वर असेल तर मी भार देणार. लाल असेल तर हात लावणार नाही. चकत्या प्रशिक्षणाच्या कितीतरी तुकड्यांनी वापरलेल्या होत्या. खिडकीतल्या उन्हाने हिरवा रंग पार उडाला होता, लाल मात्र काल लावल्यासारखा होता. बावीस दिवसांत एकीनेही चकती उलटी केली नव्हती. मागच्या तुकडीत कुणीतरी केली होती म्हणे, आणि तिला प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणे. हे कोण म्हणालं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. न्हाणीघरात रोज दुखण्यावरच्या मलमाचा घमघमाट असायचा आणि मलम कुणाचंच नसायचं.

मॅडमचं त्यांनी आपसात नाव ठेवलं होतं, पक्कड. सकाळी मॅडम गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून यायच्या आणि त्यातला घोटसुद्धा प्यायच्या नाहीत. "हत्यारं तापवतायत," शेजारच्या चटईवरच्या गणिताच्या बाई कुजबुजायच्या. खिडकीची कडीदेखील त्या स्वतः काढत नसत, कुणाला तरी फर्मावत. आणि या आठवड्यात तर त्यांनी हातांऐवजी कोपरं लावायला सुरुवात केली होती. आता दयामाया संपली, असंच सगळ्या समजल्या.

दोन चटया.

तिने हळूच उजवा हात चकतीकडे सरकवला. लगेच मागे घेतला. बावीस दिवस काढले, आठ दिवसांसाठी कशाला नाट लावून घ्यायचा? नणंद निघताना म्हणालीच होती, "चार दिवसांत परत येशील बघ." दात-ओठ खाऊन एक मिनिट काढायचं, बस. पण त्या एका मिनिटात ती शीर खरंच तुटली तर? तिला कपाळावरचा घाम चटईवर टपकलेला दिसला. इतकी भीती तिला कुत्री अंगावर आली तेव्हाही वाटली नव्हती.

एक चटई. गणिताच्या बाईंच्या पाठीवर कोपर टेकलं. त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला आणि तो त्यांनी गिळून टाकला.

तिने चकती पकडली आणि उलटवायला गेली. घामेजलेल्या बोटांतून ती सटकली, उभी राहिली, लाकडी जमिनीवर गडगडत निघाली आणि नेमकी मॅडमच्या पायाशी जाऊन आडवी पडली. हिरवी बाजू वर.

मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पाठीवर त्यांची सावली पडली. आता गप्प बसलं तरी चालणार होतं. चकती हिरवीच होती.

"मॅडम," ती म्हणाली, "आज नको."

कोपर खाली आलं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही आणि ते कोपरापेक्षा भयंकर होतं. आता नाव कापलं जाणार, आता सामान बांधायचं. तिने मान वळवून पाहिलं.

मॅडम वाकल्या होत्या. चकती उचलत होत्या. ती त्यांच्या बोटांतून निसटली. त्यांनी पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. शेवटी त्यांनी ती दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून, लहान मूल उचलतं तशी उचलली आणि तिच्या चटईच्या टोकाशी ठेवली. लाल बाजू वर.

मग त्या तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

मॅडमनी हात मांडीवर ठेवले. दोन्ही अंगठे मुळाशी सुजून टम्म झाले होते.

"तीन आठवडे झाले, धड पेलासुद्धा धरवत नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "रोज सकाळी दार उघडलं की चौदा हिरव्या चकत्या दिसतात, आणि माझ्या पोटात गोळा येतो."