भव्याचा पिवळा चुरा

ऐका हो, बंगळुरूच्या चामराजपेटेतल्या यमुनाक्कांची गंमत सांगतो, पंच्याण्णव सालची. सून भव्या रोज नवऱ्याच्या भातावर डब्यातला पिवळा चुरा भुरभुरायची.

"काय गं ते?"

"यीस्ट, आत्याबाई. बी-ट्वेल्ववालं. ताकद येते."

"दारूत घालतात तेच ना?"

पोराला वश करायचंच औषध हे, अक्कांची खात्री पटली. भव्या आत वळली की त्या गुपचूप आपलं नि पोराचं ताट बदलायच्या. पोरगा वाचू दे, म्हातारीचं काय व्हायचं ते होवो!

अक्कांच्या पायाला वर्षभर येणाऱ्या मुंग्या महिन्यात थांबल्या.



चुरा डॉक्टरांनी भव्याला अक्कांच्या मुंग्यांसाठीच सांगितलेला. सरळ वाढला तर खाणार नाहीत, म्हणून भव्या मुद्दाम पाठ फिरवायची. अक्का अजून म्हणतात, "पोराला मीच वाचवला." भेटल्या तर नुसतं हो म्हणा, बाबांनो.