गुरुपौर्णिमेची पेनल्टी

चेंडू जाळ्यात शिरला आणि मॅडम दोन्ही हात उंचावून भर मैदानात नाचू लागल्या. दर गुरुपौर्णिमेला संघातल्या पोरी त्यांना हार घालून एक पेनल्टी मारायला लावायच्या. मॅडम एकेकाळी राज्याच्या फुटबॉल संघात स्ट्रायकर होत्या. गुडघा गेला आणि गळ्यात कोचची शिट्टी आली.

“बघितलंसा? पाय अजून तोच हाय!” त्यांनी कडेला बसलेल्या पालकांना ऐकवलं. पालकांनी टाळ्या पिटल्या. गोलकीपर तेजल मात्र हातमोजे काढून मैदानाला फेऱ्या मारायला लागली.

“आज सणाचं कशाला पळतीयास गं?”

“मॅडम, मागल्या मॅचला समोरच्या पोरींची कीव आली म्हणून मी गोल सोडला, तवा तुम्हीच सांगितलंसा न्हवं, मुद्दाम गोल सोडला की फेऱ्या?”

मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. चेंडू किती रडतरखडत गेला होता आणि तेजल कशी उलट्या बाजूला झेपावली होती, ते आत्ता आठवलं. कडेला टाळ्या सुरूच होत्या, त्या ऐकवेनात. गळ्यातला हार उतरवून, मान खाली घालून त्या तेजलच्या मागे लंगडत पळू लागल्या.

तेजलनं मागं वळून बघितलं आणि स्वतःचा वेग कमी केला.