थोरल्यांची वाट

मुन्नारच्या मळ्यांतून सूर्यास्त पाहण्याच्या कड्याकडे निघालेली जीप वळणावर थांबली. चहाच्या झुडपांना खेटून सुळेवाला हत्ती उभा होता. चालक मारिमुत्तूने इंजिन बंद केले.

"हॉर्न वाजवा हो, सूर्य बुडेल!" शेजारी बसलेला प्रवासी म्हणाला.

"हळू बोला, साहेब. थोरल्यांना हॉर्न देत नाहीत."

"ड्रायव्हर आहात की पुजारी?" प्रवाशाने स्वतःच हॉर्नकडे हात नेला. मारिमुत्तूने त्याचे मनगट घट्ट धरले. मारिमुत्तूची नजर हत्तीजवळच्या झुडपांवरून हलत नव्हती.

"एवढे घाबरता?"

सूर्य बुडाला. हत्ती सावकाश रानात शिरला. मग त्याच झुडपांखाली दडून बसलेल्या, पाने खुडणाऱ्या बायका एकेक करून उठल्या. सर्वांत शेवटी मारिमुत्तूची बायको उठली, तेव्हा त्याने मनगट सोडले.

"पोन्नुत्तायी, ये, बस."

प्रवाशाने पुढची जागा रिकामी केली.